मॅपलच्या मुळाशी

मी लावलेला नारळ आजवर मेला नाही. केळव्यात हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगायचो. आता नाही सांगत.

अंगणातला मॅपल मात्र मी लावलेला नव्हता. आमचा मुलगा निमेश कॅनडाहून शेवटचा आला, तेव्हा त्याने कुठल्याशा डोंगरातल्या नर्सरीतून रोप मागवलं आणि स्वतः खड्डा खणला. "आई, तिकडे माझ्या दारात असाच हाय," म्हणाला. मी थट्टा केली. दोन महिन्यांनी तिकडे बर्फावर त्याची गाडी घसरली. निमेश गेला.

तेव्हापासून माझी बायको चंद्रकांता त्या रोपाशी बोलायची. उन्हात चार काठ्या रोवून त्याच्यावर जुनी साडी बांधायची. नवं पान फुटलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. पण पानं फुटणार कधी? रोप वीतभरसुद्धा वाढेना. माझा स्वभाव उतावळा. कोळीवाड्यातल्या सोजराबाईकडून विकायची राहिलेली खारवलेली मासळी आणली आणि चंद्रकांताला न सांगता मुळाशी पुरली. चाळीस वर्षं नारळांना हेच घालतोय, नारळ नुसते तरारतात.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग शेंड्याकडून फांद्या वाळायला लागल्या. चंद्रकांताने पाणी वाढवलं, मग कमी केलं. "माझाच हात वायट," म्हणून रडली. मासळी पुरल्याचं मी तेव्हाही लपवलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

रविवारी सरावलीहून आमची मुलगी रुचिता आली. पानांचे फोटो काढून तिने फोनमध्ये शोधलं.

"पप्पा, याला मीठ अजिबात चालत नाय. कोणी खारं काय घातलं काय?"

मी नारळाकडे बघत राहिलो. चंद्रकांताने खुरपं घेतलं आणि मुळाशी उकरलं. काटे निघाले, खवले निघाले. तिने खोडाची साल नखाने खरवडली. आत कुठेच हिरवं नव्हतं.

"मी पुरली," मी म्हणालो. "लवकर वाढावा म्हणून. त्याच्या भल्यासाठीच केलं गं."

तिने हातातल्या खवल्यांवरची माती पुसली.

"निमेशला तिकडे धाडलात तवा पण हेच बोललात," ती म्हणाली. "त्याला इथंच नारळाची वाडी करायची होती."

मग तिने काठ्यांवरची साडी सोडली, नीट घडी घातली आणि आत गेली.