तोंडावर तारीख नको

सुभेदार जयसिंहराव कदम फौजेतून निवृत्त होऊन ग्वाल्हेरजवळच्या मुरारला घरी आले आणि आयुष्यातली पहिली चैन केली ती व्हिडिओ कॅमेऱ्याची. तेव्हा सगळ्यांच्या शूटिंगमध्ये कोपऱ्यात तारीख-वेळ झळकत असे. जयसिंहरावांना ते मुळीच खपत नसे. "तारीख दुधाच्या पिशवीवर छापतात, माणसाच्या तोंडावर नाही," म्हणायचे. पण कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र रेडिओच्या बातम्यांशी मिळवल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नाही. दाखवायचं नसलं तरी बरोबर असायला हवं, हा त्यांचा खाक्या. आजोबांच्या गोष्टी ऐकतच अवंतिका मोठी झाली आणि तिला ते देवापेक्षा एखादी पायरीच खाली वाटत.

अवंतिका त्यांची दत्तक नात. तान्ही असताना तिला मुरारच्याच एका बालगृहातून आणलं होतं, आणि घरात कुणी ते कधी लपवलं नाही. जन्मदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून ती घरी आली त्या तिथीला, मार्गशीर्ष वद्य दशमीला, आजी लीलाताई तिला ओवाळायच्या आणि गाजराचा हलवा व्हायचा. आजोबा गेले तरी हा नेम चुकला नाही.

यंदा तिथीच्या चार दिवस आधी अवंतिका तिळगुळाच्या गजकचे डबे घेऊन बालगृहात गेली. तिथे जुन्या दुर्गादीदी भेटल्या. त्यांनी तिला ओळखलं, जवळ घेतलं आणि सहज बोलून गेल्या, "तुझे तो पूस की दसमी को ले गए थे, अँधेरे पाख में, कृष्ण पक्ष में. क्या ठंड थी!"

"पूस नहीं दीदी, मार्गशीर्ष. मतलब अगहन."

"अगहन?" दीदींनी आठवून पाहिलं. "अगहन में तो एक बच्ची लौटकर आई थी, बिटिया. घरवाले रख नहीं पाए. कौन थी, अब याद नहीं."

झालं! पोरीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरचे म्हणतात मार्गशीर्ष, दीदी म्हणतात पौष. म्हणजे आपल्याला आधी आणलं, ठेवून पाहिलं, परत पाठवलं आणि महिन्याभराने पुन्हा आणलं? चोवीस वर्षांची शिकलेली मुलगी, पण असा विचार एकदा मनात शिरला की शिक्षण काही कामाला येत नाही.

घरी विचारावं तर सगळे "छे गं!" म्हणणार, आणि खरं काहीही असलं तरी म्हणणार. तिला अशा कुणाची साक्ष हवी होती ज्याचं तिच्यावर प्रेम नाही. मग तिला आजोबांनी काढलेली टेप आठवली, ती घरी आली तेव्हाची. पडाव भागातल्या एका स्टुडिओत जाऊन तिने ती टेप पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. तारखेचा कुठे पत्ता नव्हता. "डेट डाली ही नहीं किसी ने," स्टुडिओवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तिला आजोबांचा राग आला.

रात्रीच्या जेवणाला तिने भाताला हात लावला नाही. वडील युवराजनी विचारलं, तशी ती फुटलीच. "बाबा, सच बताओ, मला परत दिलं होतं का? दुर्गादीदी पौषातली दशमी म्हणतात, आणि टेप उतरवून आणली तर तिच्यावर तारीखच नाही."

युवराजनी हातातला घास ताटात ठेवला. लीलाताई काही बोलणार, तेवढ्यात अवंतिका म्हणाली, "आजी, तू नको बोलूस. तू तर हो असलं तरी नाहीच म्हणशील."

युवराज उठले आणि कपाटातून जुना कॅमेरा काढून टीव्हीला जोडायला लागले. "अगं वेडाबाई, तारीख चित्रावर नसते, टेपच्या पोटात असते. नुसती कॉपी केली की ती मागेच राहते. टेप कॅमेऱ्यातच चालवायची आणि हे बटण दाबायचं."

टेप सुरू झाली. आधी नेहमीचा तो कंटाळवाणा भाग, जो घरात सगळेच पुढे पळवत. खिडकीशी टांगलेला पाळणा, रिकामा. पुन्हा पाळणा. पुन्हा पाळणाच. आजोबा कॅमेरा शिकत होते, असंच सगळ्यांनी धरलेलं. युवराजनी डेटा कोडचं बटण दाबलं आणि कोपऱ्यात बारीक पांढरे आकडे उमटले. २८ नोव्हेंबर २००१. चित्र किंचित हललं. ४ डिसेंबर. मग ११ डिसेंबर, आता पाळण्याला झालर होती. १९ डिसेंबर. ३० डिसेंबर, आणि झालरीखाली कापडाच्या चिमण्या टांगलेल्या. पाळणा रिकामाच.

एकच लांबलेलं शूटिंग वाटत होतं, ते सबंध महिन्याभराचं निघालं. अवंतिका खुर्चीच्या कडेवर आली.

८ जानेवारी २००२. दारात धुकं. अवंतिकाची आई सोनल शालीत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन उंबऱ्याशी उभी, आणि लीलाताई भाकरतुकडा ओवाळून टाकतायत.

"आता बोलू?" लीलाताईंनी विचारलं. "अगं, आपला महिना अवसेला संपतो आणि इथल्या हिंदी लोकांचा पुनवेला. म्हणून वद्य पक्षात आपला मार्गशीर्ष चालू असतो तेव्हा त्यांचा पौष लागलेला असतो. दुर्गाची दशमी आणि माझी दशमी एकच. इतकी वर्षं ग्वाल्हेरात राहून हे तुला कुणी सांगितलं नाही, ही चूक माझीच."

मोबाइलवर पंचांग काढून अवंतिकाने दोन्हीकडचे महिने ताडून पाहिले. आठ जानेवारी. पौष कृष्ण दशमी. मार्गशीर्ष वद्य दशमी. एकच दिवस! परत गेलेली ती मुलगी दुसरीच कुणीतरी होती. तिच्यासाठी अवंतिका हळहळली, आणि स्वतःसाठी इतकं हलकं वाटलं की तिला त्याची लाजही वाटली.

"पण आजी, रिकामा पाळणा काय शूट करायचा?"

लीलाताईंनी चष्मा पुसला. "मीही तेच म्हटलं होतं त्यांना. दत्तकाचे कागद अडले होते, तुला आणता येत नव्हतं, नि हे आपले दर आठवड्याला कॅमेरा घेऊन उभे. म्हणाले, मोठी झाली की पोरीला कधीतरी वाटेल, आपल्याला कुणी टाकलं. तेव्हा तिला दाखवू, की बाळ, तू नव्हतीस तेव्हाही तुझी जागा धरून ठेवली होती."

अवंतिकाने टेप मागे नेली, अगदी सुरुवातीला, आणि रिकामा पाळणा पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली. या वेळी कुणीही तो पुढे पळवला नाही.