दुसऱ्या भागाचा वाचक

वाचनालयाने सोशल मीडियावर यावं, असा वरून आदेश आला. ग्रंथपाल बाई प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि वाचनालयाचं पान सुरू झालं. पानाला सुरुवातीला फॉलोअर मोजकेच: स्वतः बाई, काउंटरवरचे काका आणि बाईंची नणंद. नणंद प्रत्येक पोस्टला अंगठा दाखवायची. तिची ती सवय जुनीच.

मग बाईंना एक युक्ती सुचली. परत आलेल्या पुस्तकांत लोक खुणेला काहीही विसरतात. बसचं तिकीट, गोळ्यांचं रिकामं पाकीट, एकदा तर कंगवा. पूर्वी हे सगळं काउंटरवरच्या काचेच्या बरणीत पडून राही. आता बाई पुस्तकासकट फोटो टाकू लागल्या: ‘ओळखा, कुणाची खूण?’ लोक तुटून पडले. ज्यांना पुस्तक वाचायला वेळ नव्हता, त्यांना कंगवा ओळखायला भरपूर होता.

एकदा बाहेरच्या परतीच्या पेटीत जाड कादंबरी सापडली, भाग पहिला. आत कापडाची पट्टी. कडेने लाल दोऱ्याची टीप, माशाच्या काट्यासारखी. पट्टीचं तोंड भरून कौतुक झालं. एकाने लिहिलं, ‘हा हात आमच्या घरातला आहे. फार शोधलं.’

बाईंना भरून आलं. ‘मग या ना घेऊन जायला,’ असं लिहून त्यांनी खाली नकाशाही जोडला.

तो आला. इस्त्रीचे कपडे, मऊ आवाज. तिथल्या तिथे सभासद झाला, पण पट्टी घेतली नाही.

“राहू दे बरणीत. जिची आहे तिलाच देऊ.”

“हळवा माणूस,” काका नंतर बाईंना म्हणाले.

जाताना त्याने त्याच कादंबरीचा भाग दुसरा मागितला.

“पहिला वाचलाय वाटतं?” काकांनी विचारलं.

“नाही. पण गोष्ट माहीत आहे.”

मग तो रोज येऊ लागला. दाराकडे तोंड करून बसायचा. वर्तमानपत्र उघडायचा, पान मात्र उलटायचा नाही. असा शांत वाचक मिळायला भाग्य लागतं, असं काकांचं मत पडलं.

एका दुपारी त्याने पुस्तक काउंटरवर ठेवलं.

“काका, याला कुणी नंबर लावलाय?”

“लावलाय की. पण नाव सांगता येत नाही हं.”

“नकोच. परत केलं की त्यांना कळतं ना?”

“आपोआप. आपलं सगळं ऑनलाइन आहे आता,” काका म्हणाले, जणू संगणक त्यांनीच घरी केला होता.

स्कॅनर चिरकला. मेसेज गेला. तो आभार मानून खुर्चीत बसला. आज त्याने वर्तमानपत्र उघडलं नाही.

बाईंनी सहज पडद्यावर पाहिलं. नंबर मागच्या गल्लीतल्या शिवणवालीचा होता. सभासद होताना ती म्हणाली होती, “माझा पत्ता कुणाला देऊ नका, ताई. नवरा शोधतोय. सापडलीस तर या वेळी जिवंत सोडणार नाही, म्हणालाय.” बाईंनी शब्द दिला होता. पत्ता खरंच कुणाला दिला नव्हता.

त्यांच्या खुर्चीला त्यांची पिशवी लटकत होती. तुटलेला बंद शिवणवालीनेच शिवून दिलेला. लाल दोरा, माशाचा काटा. इतके दिवस बाई त्याला पाठ टेकून बसत होत्या.

त्यांनी फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

“काका, मागच्या दाराने पळा. शिवणवालीला म्हणावं, येऊ नकोस.”

मग त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “वाचनालय बंद करतेय.”

“पाटीवर सहा लिहिलंय,” तो मऊपणे म्हणाला. “तुमच्या पानावरही सहाच.”

बाई पोलिसांना फोन लावायला काउंटरकडे वळल्या, तोच काका धापा टाकत परत आले.

“दुकानात नाही. मेसेज आला म्हणून खुशीत निघाली म्हणे. पुढच्या रस्त्याने.”

बाईंनी मोबाइल उचलला तेव्हा त्यावर नणंदेचा प्रश्न चमकत होता: ‘मिळाली का हो पट्टीची मालकीण?’

शेजारच्या बरणीत पट्टी नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजली. बाई धावल्या, पण दार त्यांच्यापेक्षा त्याच्या खुर्चीला जवळ होतं. त्याने उठून, पट्टी बोटाला गुंडाळत, ते अदबीने उघडून धरलं.