पायाखालची माती

भट्टी उघडली आणि माझ्या धाकट्या भावानं घर डोक्यावर घेतलं. निम्मी मडकी तडकली होती.

"माती चाळतेस की नुसती हलवतेस गं? सगळे खडे तसेच राहिलेत!"

वहिनी तडकलेली मडकी बाजूला रचू लागली. ती बिचारी हल्ली दोनदोनदा माती चाळायची, बोटं सोलवटली होती तिची. मी शेजारीच राहते, मला सगळं दिसतं. राहवेना.

"ढब्ब्या, तोंड आवर. सकाळपासून राबतेय ती."

लहानपणापासून अंगानं जाड, म्हणून सगळा गाव त्याला ढब्ब्याच म्हणतो. हाही सगळ्यांबरोबर हसायचा. पण त्याला किती लागायचं ते मला ठाऊक आहे.

साखरेचा आजार निघाला तेव्हा एकदाच दवाखान्यात गेला. डॉक्टर भरल्या खोलीत म्हणाला, "पोट बघा केवढं! तोंडावर ताबा नाही, मग असंच होणार." बाकावरची माणसं फिदीफिदी हसली. घरी आला, गोळ्या फळीवर भिरकावल्या आणि चहात मुद्दाम जास्तीची साखर घालून प्याला. वहिनीनं साखरेचा डबा लपवला, तर म्हणतो कसा, "आता तूही माझे घास मोज." तिनं डबा निमूट जागेवर ठेवला. रोज रोज किती भांडायचं माणसानं?

"वन्सं, राहू द्या," वहिनी मला म्हणाली.

"राहू द्या कशाला? ये, दाखवतोच तुला," म्हणत हा चिखलाच्या खड्ड्यात उतरला. आमच्यात माती ओळखायची ती तळपायानं. तुडवताना बारीकसा खडाही टाचेला कळतो, मग वाकून तो काढून फेकायचा. आमचे वडील त्यात तरबेज, आणि ढब्ब्या त्यांच्याहून वरचढ. खडा सुटला तर भट्टीत मडकं फुटलंच म्हणून समजा.

तो तणतणत तुडवत होता. वहिनीची नजर त्याच्या पायांकडे गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, थांबा. बाहेर या."

"का?"

"रक्त येतंय."

"कुणाचं?"

कुणाचं म्हणे! टाचेत खापराचा तुकडा खोल रुतला होता आणि हा त्याच्यावर नाचत होता. तिनं तो ओढून काढला, तरी याचं हूं नाही की चूं नाही. नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे खडे माझ्याच पायाखालून..."

जखम भरलीच नाही. चिघळली, काळी पडली. शेवटी मोठ्या दवाखान्यात त्याचं पाऊल कापलं.

काल वहिनी पहिल्यांदा खड्ड्यात उतरली. पोट भरायचं तर कुणीतरी तुडवायला हवंच की. हा काठावर स्टुलावर बसला होता. मी पाणी ओतत होते.

"कशी लागतेय?" त्यानं विचारलं.

"गार. फार गार आहे हो."



"गार असते नाही का," तो म्हणाला. "विसरलोच होतो मी."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. "कधीपासून रे?"

"मागच्या थंडीच्याही आधीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग काहीच कळेना."

"आणि बोलला नाहीस, मेल्या?"

"कुणाला सांगायचं अक्का? कुंभाराच्या पायाला माती कळत नाही म्हटल्यावर हसले असते सगळे."

वहिनी तुडवायची थांबली. गुडघाभर चिखलात उभी, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मी हसले असते?" तिनं विचारलं. "अहो, मी?"

त्यानं मान खाली घातली.