खिडकीतले पाय

भूकंपात चर्चची पूर्वेकडची मोठी खिडकी फुटली, तेव्हापासून तिथे पत्रा ठोकलेला होता. पुढे लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या, वसतिगृहं उभी राहिली, बाहेरगावची मुलं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊ लागली. शहर बदललं, मग चर्चच्या कमिटीनंही ठरवलं, पत्रा काढून रंगीत काचेची नवी खिडकी बसवायची.

चित्राचं काम विनीताकडे आलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची, याच चर्चच्या मंडळीत वाढलेली. प्रसंग पाळक अमृतरावांनी सुचवला: कमरेला रुमाल बांधून येशू आपल्या शिष्याचे पाय धुतो आहे.

काचा तयार झाल्या आणि चर्चमध्ये टेबलावर मांडल्या. कमिटीचे अध्यक्ष अनंतराव बघायला आले. शहरात त्यांचे क्लासेस होते, वसतिगृह होतं. निळा झगा, लाल किनार, वर द्राक्षांचा वेल बघून ते खूश झाले. मग त्यांची नजर घंगाळातल्या पायांवर गेली. टाचा भेगाळलेल्या, उजव्या पायाची दोन बोटं नाहीत.

“हे कुणाचे पाय काढलेस?”

“सरजाबाईंचे,” विनीता म्हणाली.

सरजाबाई अनंतरावांच्याच वसतिगृहात संडास धुवायच्या. दर रविवारी उपासनेला यायच्या आणि दाराजवळ बसायच्या. तिथे बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे या, असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं!

“अगं, पाहुणे येतात, मुलांचे पालक येतात. वेदीच्या वर हे असले पाय? दुसरे काढ. छान, स्वच्छ.”

“स्वच्छ पाय धुवायचे कशाला, सर?”

“वाद नको. जमत नसेल तर दुसऱ्याकडून करून घेऊ.”

“घ्या. मी हे पाय बदलणार नाही!”

अमृतराव शांतपणे पुढे आले. “अनंतराव, निळा म्हणजे स्वर्ग, लाल म्हणजे सांडलेलं रक्त, वेल म्हणजे मंडळी. हे तुम्हीच चर्चमधल्या मुलांना समजावता. मग या रुमालाचा अर्थ काय?”

“नम्रता. ते कुणाला माहीत नाही?”

“नम्रता कुणापुढे? प्रभूनं कुणाच्या पायाशी वाकावं, हे आता आपली कमिटी ठरवणार? अहो, ही बोटं कशी गेली ठाऊक आहे का? भूकंपात ढिगाऱ्याखालची माणसं ओढून काढताना...”

“ते नका सांगू, पाळकसाहेब!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. काचा बघायला विनीतानं सरजाबाईंना बोलावलं होतं. त्या दारात उभ्या होत्या.

“माणसं काढली म्हणून माझे पाय चांगले, अन् न्हाई काढली असती तर वाईट? कुणाचं काही भलं केलं नसतं, तरी हे माणसाचेच पाय हायेत! सर, तुमचे संडास मी धुते. म्हणून मी घाण न्हाई. काच बसवा न्हाईतर पत्रा ठोका, तुमची मर्जी. पर मी आता दारात बसणार न्हाई.”

त्या चालत आल्या आणि अगदी पहिल्या बाकावर बसल्या. अनंतराव निघून गेले.

कमिटीतल्या बाकीच्यांनी त्यानंतर हरकत घेतली नाही. अकरम मिस्त्रीनं खिडकी बसवली. अनंतराव मात्र रविवारी फिरकेनात. पण वसतिगृहात रोज सकाळी सरजाबाई समोरून जायच्या आणि अनंतरावांचं लक्ष नकळत त्यांच्या पायांकडे जायचं. इतकी वर्षं आपण या बाईला ‘ए बाई’ म्हणूनच हाक मारली, हे त्यांना आता टोचू लागलं. कितीतरी वेळा आपण पाय धुण्याच्या त्या प्रसंगावर मुलांपुढे बोललो. वाकलो मात्र कधीच नाही! एके सकाळी त्यांनी हाक मारली, “सरजाबाई, चहा घेऊन जा.” तिथे असलेली मुलं चमकून बघत राहिली. सरजाबाई खुर्ची ओढून बसल्या आणि चहा प्यायल्या.

त्या रविवारी अनंतराव चर्चमध्ये आले. सोबत उमरीहून आलेले एक पालक होते. खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, “सर, हे पाय कुणाचे हो? खरेच वाटतात.”

अनंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आमच्या सरजाबाईंचे. त्या तिथे पुढे बसल्यात ना, त्यांचे. चला, ओळख करून देतो.”

वाचकहो, माणसाचा मान हे त्याच्या उपकारांचं बक्षीस नव्हे, आणि आपण मोठ्या मनानं द्यावं असं दानही नव्हे. तो त्याचा जन्मापासूनचा हक्क आहे. तो आपण अडवून धरला असेल, तर आजच मोकळा करू या!