ओटीआधीचा प्रश्न

माझी काव्या कायद्यात पीएचडी करतेय, हे मी भाजीवालीलासुद्धा सांगते. कशावर, असं कुणी विचारलं की मला आणखी चेव चढतो. नवऱ्याच्या माराला कंटाळून बाई दवाखान्यात, पोलिसांत, समुपदेशन केंद्रात गेली, तर तिथली शिकली-सवरलेली माणसं तिला कायदा सांगतात की नुसतीच समजूत घालतात, हे ती शोधतेय.

सोलापुरातल्या एका केंद्रात बसायची परवानगी तिला मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती. कोपऱ्यात बसायचं, बघायचं, टिपायचं. तोंड उघडलं की परवानगी रद्द. माझी पोरगी आणि तोंड बंद! मला तर धाकधूकच होती.

एकदा तिचा डबा घेऊन गेले, तर केंद्राच्या ईरम्मा मॅडम खूश झाल्या. बाई मनानं चांगली. समेट झाला की बायकोची केंद्रातच ओटी भरून तिला सासरी धाडायची, अशी त्यांची रीत. त्या स्वतः विधवा, म्हणून सवाष्ण शोधत होत्या.

"शिवबाई, बरं झालं आलात. हिची ओटी भरा की."

समोर कुंभारी गावची पायल. गळ्यापाशी काळंनिळं. शेजारी चिकटून नवरा, 'पुन्हा हात उचलणार नाही' असं लिहून देऊन मोकळा झालेला. मी खण-नारळाचं ताट उचललं. पायलनं पदर पसरला, पण हात इतके थरथरत होते की पदर धरवेना.

"मॅडम," कोपऱ्यातून काव्या बोलली, "हिला एकटीला कुणी विचारलं का? हिचे हक्क हिला आधी सांगायला पायजेत. कायदाच हाय तसा."

गेली सगळी मेहनत!

"अट विसरलीस?" मॅडम लालबुंद झाल्या.

"नाही मॅडम. चांगली आठवतीय."

"आमचं मिटलंय. तू कोण गं?" नवरा उठून तिच्यावर गुरकावला आणि माझं डोकं सणकलं. मी ताट टेबलावर आपटलं.

"पोरीला इचारल्याबिगर मी ओटी भरणार न्हाय. दुसरी सवाष्ण बगा!"

मॅडमनी पायलच्या हातांकडं पाहिलं. मग नवऱ्याला बाहेर बसवून दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात तिला विचारलं.

"मला न्हाय जायाचं तितं," पायल म्हणाली. "मारून टाकील त्यो."

काव्यानं तिला साध्या शब्दांत सगळं सांगितलं. तक्रार मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिली. मग काव्याची परवानगीही रद्द केली. अट म्हणजे अट.

रिक्षात पोरगी रडायला लागली. "अव्वा, मीच मधे पडले. आता पायलची केस प्रबंधात घेता येणार न्हाय. केंद्रही गेलं."

मी अभिमानानं तिची पाठ थोपटली. "नको घेऊ प्रबंधात," मी म्हणाले. "पायल त्या घरी गेली न्हाय, एवढं बास हाय की!"