रात्रीची नीयत

जैतुनबीनं त्या पहाटे नवऱ्याला उठवलं नाही. केलं ते एवढंच. भांडण काढलं नाही, दाराला बाहेरून कडी घातली नाही. नुसतं उठवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, माणूस आपला आपण उठत नाही का? दस्तगीर नदाफ नाही उठायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर त्याची उभी हयात गेली होती आणि त्या खडखडाटानं त्याचे कान पार खाऊन टाकले होते. मोबाइलचा गजर नाही, अजान नाही, शेजारच्या शिवम्माची पाण्याची मोटार नाही, झोपेत त्याला काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. रमजानात सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, त्याला जागं करायची एकच रीत होती. जैतुननं त्याच्या तळपायावर हात ठेवायचा. ही रीत पार कान शाबूत होते तेव्हापासूनची. हात लागला की डोळे न उघडताच तो "या अल्लाह" म्हणायचा आणि उठून बसायचा.

आणि सहरीत तरी असं काय असायचं? ज्वारीची भाकरी, दही, रात्रीचा दालचा उरला असला तर तो. पण हा बाबा पहिला घास हातात धरून डोळे मिटून बसणार. इकडे जैतुनचा जीव वर-खाली. वेळ संपत आलेली, भांडी पडलेली.

"अजी, खावा की. घास वाळला हातात."

तो हसायचा. "दिसभर पोटासाठी खातो. ह्यो येक त्याच्यासाठी खायाचा. जरा ध्यान तर लागू दे."

शेवटी दोघं तीन घोट पाणी प्यायचे आणि शेजारी शेजारी बसून नीयत करायचे. नीयत म्हणजे, आजचा रोजा मी अल्लाहसाठी धरतोय, असा मनाचा निश्चय. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांना निवांत अशी काय ती तेवढीच घटका मिळाली. जैतुन वरवर कुरकुरायची, पण वर्षभर त्या घटकेची वाट बघायची.

मग शुगर निघाली. गेल्या रमजानात दस्तगीर नमाजात वाकला तो तसाच कलंडला. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "रोजे धरायचे नाहीत. साखर खाली गेली तर माणूस हातचा जाईल." मशिदीतल्या हाफिजजींनी सांगितलं, "आजाऱ्याला माफी हाय, दस्तगीरभाई. गरिबाला जेवू घाला, अल्लाहला तेवढं पावतं." दस्तगीर सगळ्यांपुढं मान डोलवून व्हय व्हय करत होता. बहिऱ्या माणसाची एक सोय असते बघा, नको ते त्याला अजिबात ऐकू येत नाही. यंदा चांद दिसला आणि गडी पहिल्या दिवसापासून रोजा धरून मोकळा.

मार्चचं ऊन. पत्र्याखाली माग चालणार, पंखा गरम वारा फेकणार. जैतुन रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरला. शेवटी त्या पहाटेच्या आदल्या संध्याकाळी इफ्तारला त्याच्या हातातून खजूर तीनदा खाली पडला. खजूर उचलून तिनंच त्याच्या तोंडात घातला आणि तेव्हाच तिचं ठरलं. सहरी झाली नाही तर नीयत कुठली, आणि नीयत नाही तर रोजा कुठला? उद्या ह्या माणसाला पोटभर नाश्ता घालायचा आणि मगच कामावर धाडायचा. तिचा हिशेब हा असा सरळ होता.

पहाटे ती उठली. बिनधास्त भाकऱ्या थापल्या, कारण आवाजानं त्याची झोप मोडायची भीतीच नव्हती. एक स्वतःला, दोन त्याच्या नाश्त्याला. त्याच्या झाकून ठेवल्या आणि एकटीच जेवायला बसली. का कोण जाणे, आज तिनंच पहिला घास हातात धरून डोळे मिटले. आजवर कधी जमलं नव्हतं ते ध्यान त्या पहाटे लागलं, आणि ते असं लागलं की कुणीतरी समोर बसून आपल्याकडे टक लावून बघतंय असं तिला वाटलं. ती घाबरली.

"या अल्लाह," ती पुटपुटली, "ह्यो गुन्हा माज्या नावावर लिही. पर मानूस माजा मला ठेव."

मोबाइलवर अजान वाजली. खाण्याची वेळ संपली. आता मात्र तिनं जाऊन त्याच्या तळपायावर हात ठेवला. त्याचा घास चोरला तरी त्याची नमाज चोरण्याइतकी ती धीट नव्हती.

"या अल्लाह," दस्तगीर उठून बसला. घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "सहरी?"

"डोळा लागला माजा," ती मोठ्यानं म्हणाली. रोज्याच्या तोंडानं बोललेलं तिचं हे पहिलं खोटं.

दस्तगीरनं नाक वर केलं. "तव्याचा वास येतोय की, जैतुन."

तिथंच ती ढासळली. त्याचे पाय धरले. "आजचा दिस धरू नका. हात जोडते तुमाला. तुमाला काय झालं तर मी कुटं जाऊ?"

"धरलाय की आता," तो म्हणाला. "रातीच नीयत केली मी, तरावीहची नमाज झाल्यावर. आठ दिस झालं तुजं तोंड बघतोय. तुजा भरवसा न्हवता मला."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो हसत बोलला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूला गेला. तो वजूचं पाणी तोंडात घेऊन चूळ टाकत होता आणि जैतुन त्याच्याकडे बघत राहिली. एक घोट, फक्त एक घोट आत गेला असता तर, असं तिच्या मनात आलं.

उजाडल्यावर त्यानं सायकल काढली. तिनं त्याच्या खिशात गुळाचा खडा कोंबला. "चक्कर आली तर तोंडात टाका. माज्यासाठी."

"बरं," म्हणाला. सायकलची किल्ली लपवायची, दारात आडवं पडायचं, डॉक्टरांना फोन लावायचा, हे सगळं तिला नंतर सुचलं. तेव्हा ती दारात उभी राहून गल्लीच्या तोंडापर्यंत त्याची पाठ बघत राहिली.

दुपारी चन्नवीर आला. दस्तगीरच्या शेजारच्या मागांवरचा गडी. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वहिनी, चला. दवाखान्यात न्हेलंय." मग त्याला पुढं राहवलं नाही. "तुटलेला धागा बांदत हुते. हळूच खाली बसले. मी साखरेचं पानी पाजाय गेलो, तर दात असे आवळलेले की सगळं सांडलं बगा. आमी काय करनार?"

दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. त्याचा सदरा जैतुनच्या हातात दिला. गुळाचा खडा घामानं पाघळून खिशाला चिकटला होता, पण जेवढा दिला होता तेवढाच होता.

संध्याकाळी माती झाली. घर बायकांनी भरलं, आणि जी येईल ती तेच बोलू लागली. रोज्यात गेला, नशीबवान. असं मरण मागून मिळत नाही. जैतुन भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. मग शिवम्मा तिच्याजवळ येऊन बसली. बिचारीचे डोळे रडून सुजले होते.

"पाटे पानी भरताना भाकरी थापलेली ऐकली मी," शिवम्मा सगळ्यांना सांगू लागली. "रोजच्यासारकं. जाताना तुज्या हातचं पोटभर खाऊन गेले बग, अक्का. तेवडं तरी समादान हाय की."

"व्हय की," बायका म्हणाल्या. "लई सेवा केली हिनं."

जैतुननं पदर डोक्यावर ओढून घेतला. इतकं खोटं पुण्य अंगावर घेऊन ती बसून राहिली. त्याच्यासाठी झाकलेल्या दोन भाकऱ्या आत तशाच होत्या.

रात्री पाहुणे पांगले. मुलगा नवाज बापाच्या जागेवरच पडला आणि मेल्यासारखा झोपला. तो चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळीला होता, त्या आठवड्यात सहरी कंपनीतच करायचा, त्यामुळं घरात काय घडलं ते त्याला ठाऊक नव्हतं. झोपताना तेवढं म्हणाला होता, "अम्मी, उठव मला."

पहाटे जैतुन त्याच्या पायथ्याशी बसली. हात पुढं केला आणि मागं घेतला. मग तिनं दोन्ही हात त्याच्या तळपायांवर गच्च दाबले. नवाज दचकून उठला.

तिनं ताजी भाकरी केली होती. त्याच्यापुढं बसून, नको नको म्हणताना एक एक घास खायला लावला. अर्धी भाकरी झाल्यावर तो थांबला.

"अब्बानी काल काय खाल्लं?"

"आदी तू खा."

त्यानं खाल्लं.

"सांग की."

"पानी पी. वेळ हाय अजून."

तो तीन घोटांत तांब्या रिकामा करेपर्यंत तिनं दम धरला. शेवटचा घोट गळ्याखाली उतरलेला बघितला आणि मग म्हणाली, "काय बी न्हाय खाल्लं. मी उठवलंच न्हाय त्यांला."

"पर शिवम्मामावशी तर म्हनत हुती की..."

"ती माजी भाकरी. मी खाल्ली." तिनं एका दमात सगळं सांगितलं. खजूर, हिशेब, तव्याचा वास, सगळं. "तुज्या बापाला मी उपाशी धाडलं, नवाज."

नवाजनं तोंड फिरवलं. त्याची पाठ हलत होती, आवाज येत नव्हता. मोबाइलवर अजान सुरू झाली आणि संपली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसून वळून बघितलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आईपुढं ताट नव्हतं, तांब्या नव्हता, हात कोरडे होते.

"अम्मी, तू काय खाल्लंस?"

जैतुननं त्याचं ताट उचललं.

"माजी नीयत रातीच झालीया," ती म्हणाली.