या प्रवेशात तुला उजेड नाही

सूनबाईच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळं तिकडे तिच्या घरी आलं आणि इकडे सासूबाईंनी अंथरूण धरलं. दोघं आली म्हटल्यावर एकाने जागा करून द्यावी, असं काहीसं त्यांनी मनाशी ठरवलं असावं.

सूनबाईचं वय तेव्हा बासष्ट. केस पिकले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, पण सगळं जग तिला सूनबाईच म्हणे. सासू हयात आहे तोवर बाई सूनच, मग तिला नातवंडं का होईनात.

तिचा नवरा नाटकांना दिवे देणारा. थिएटरात त्यांना बत्तीमास्तर म्हणत, तेच नाव घरातही चिकटलं. उभा जन्म त्यांनी विंगेतल्या स्टुलावर काढला. राजा मेला की निळा, प्रेम जमलं की गुलाबी, सुखी घर दाखवायचं असलं की पिवळा. काम सुटल्यावर हातांना चैन पडेना. पंख्याचं बटणसुद्धा ते हळूहळू दाबायला बघत, आणि ते एकदम खट्कन वाजलं की तोंड वाकडं करत.

अशात डॉक्टर येऊन सासूबाईंना तपासून गेले. जाताना दारात म्हणाले, "आता औषधाने फार काही होणार नाही. घरातलं वातावरण ऊबदार ठेवा, म्हणजे झालं."

ते ऐकून सूनबाईने कपाटातली शाल काढली. बत्तीमास्तरांनी शिडी काढली.

पहिली उतरली ती हॉलमधली ट्यूबलाइट. "वरून पडतो तो पोलीसचौकीचा उजेड," शिडीवरून ते म्हणाले. "माणसाला वाटतं, आता जबाब द्यायचाय. घराचा उजेड कडेने येतो. थराथराने येतो. एक थर भिंतीला, म्हणजे भिंत जवळ आल्यासारखी वाटते. दुसरा थर बाजूने, चेहऱ्याला. तिसरा अगदी चिमूटभर, डोळ्यांत चमक यायला."

"आणि मला?" सूनबाईने शिडी धरल्या धरल्या विचारलं.

"तुला काय?"

"भाजी निवडायला कितवा थर?"

बत्तीमास्तरांच्या तोंडात खिळा होता.

बंद पडलेल्या एका थिएटरच्या गोदामातून त्यांनी सहा दिवे आणले. तोंडावर नारिंगी जिलेटिनचे कागद, मागे वायरींची जटा. एक दिवा सासूबाईंच्या खाटेखाली बसला, दोन पडद्यामागे, एक फुलदाणीत, एक पुस्तकांच्या कपाटावर, आणि एक चिमुकला जुन्या शिवणयंत्राच्या खणात. उजेड कमीजास्त करायची दांड्यांची पेटी त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. तिथल्या खिडकीतून हॉल सरळ समोर दिसे. स्वयंपाकघरातला दिवा मात्र काढला. का, तर म्हणे उजेड सांडतो. बाहेरचं चित्र बिघडतं.

त्या दिवसापासून सूनबाई चाचपडत स्वयंपाक करू लागली. मीठ कधी दोनदा पडे, कधी साखरच पडे. कोणी तक्रार केली की ती म्हणे, "डोळे मिटून खा. मी डोळे मिटूनच केलंय."

पण एक मान्य करायला हवं. पहिल्या संध्याकाळी बत्तीमास्तरांनी पेटीवरच्या दांड्या एकेक करून वर सरकवल्या आणि महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सासूबाई कुशीवर वळल्या. गाल लालबुंद, डोळे लुकलुकते. "बरं वाटतंय रे," म्हणाल्या आणि बोलायला लागल्या. डॉक्टरांनी नाडी धरली, मग गाल पाहिले, परत नाडी धरली आणि शेवटी स्वतःचं मनगटी घड्याळ कानाला लावून हलवलं. "हेच बंद पडतंय मधे मधे," असं पुटपुटून त्यांनी दोन गोळ्या कमी केल्या.

सासूबाईंना उजेड चढे तसं बोलणं चढे. उजेड उतरला की वाक्य असेल तिथे थांबे. एकदा त्या म्हणाल्या, "तुझे वडील लग्नात आले ते..." आणि बत्तीमास्तरांनी दांडी खाली घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दांडी वर गेली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "...बूट उलटे घालून." मधल्या वेळात त्यांनी दोनदा जेवण केलं होतं आणि पूर्ण झोप काढली होती.

हळूहळू सगळ्यांनाच ती सवय लागली. उजेड पडल्याशिवाय कोणी तोंड उघडेना. दूधवाला दारात दूध घेऊन उभा राही, डोळे वर करून आपल्या दिव्याची वाट बघत. डॉक्टर सुई भरून थांबत. बत्तीमास्तर ओट्यावरून हळूच हाक देत, "डॉक्टर, एंट्री!" मग डॉक्टर घसा साफ करून पुढे येत. माणसं वाढू लागली. सासूबाईंचा निरोप घ्यायला म्हणून येत आणि सतरंजीवर रांगेने बसून राहत. उजेडच असा होता की उठावंसं वाटेना.

मोठ्या वन्सं लांबच्या गावाहून आल्या. वर्षातून दोनदा येणाऱ्या त्या. खाटेजवळ बसून त्या रडल्या, आणि त्या नारिंगी उजेडात इतक्या छान रडल्या की दूधवाल्याने नाक पुसलं. सासूबाई त्यांचा हात धरून म्हणाल्या, "माझी लेक! फुलासारखं जपते मला." मग दूधवाल्याचा हात धरला. "हा होता म्हणून मी आहे." डॉक्टरांचा धरला. "हे देवमाणूस." शेजारच्या घरी जायचं ते पत्ता चुकून इथे आलेल्या एका गृहस्थांचाही धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात, भरून पावले."

सूनबाई हे सगळं अंधारातून ऐकत होती. हातात बेडपॅन होतं.

कारण बत्तीमास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. प्रवेश चालू असताना सामान हलवणाऱ्याने दिसायचं नाही. म्हणून ती काळे कपडे घालायची. पायांत मोजे. उजेडाच्या कडेकडेने सरकायची. कोणी बोलत असतानाच चादर बदलायची, उशी सरळ करायची, गोळी आणि पाण्याचा पेला स्टुलावर ठेवायची आणि नाहीशी व्हायची. तिचा हात इतका बसला की पाहुण्यांना वाटे, पेला आपणहून भरतो.

एकदा वन्संनी विचारलं, "आई, सगळं वेळच्या वेळी होतं ना गं?"

"सगळं आपोआप होतं," सासूबाई म्हणाल्या. "गोळी येते, पाणी येतं, पाठ दुखली की उशी सरकते. घरच गुणाचं आहे."

"आणि सूनबाई?"

"असेल की. फिरत असेल कुठेतरी."

सतरंजीवर कोणी चुकचुकलं. सूनबाईने बेडपॅनवर झाकण ठेवलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाईंनी तिला शिव्या दिल्या नव्हत्या, मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त 'चांगलं केलंस गं' एवढं म्हटलं नव्हतं. तिने कधी मागितलंही नव्हतं. आता मात्र वाटलं, ही बाई चार दिवसांची सोबती. दूधवाल्याला मिळालं, चुकलेल्या पत्त्याला मिळालं. आपल्याला मिळायच्या आत हिचे डोळे मिटले तर मग कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली, "अहो, मला उजेड द्या."

"आत्ता?"

"आत्ता. वन्संच्या शेजारी. थोडा चालेल."

"अगं, या प्रवेशात तुला उजेड नाही. तुझं काम मागचं."

"मागचं म्हणजे किती मागचं? आणखी मागे गेले तर शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात निघेन."

"तू रुसू नकोस. मागचं काम अवघड असतं. तू दिसत नाहीस, हेच तुझं कौतुक."

"दिव्याखाली अंधार ही म्हण ज्या बाईने काढली ना, तिचा नवरा दिवेवालाच असणार," सूनबाई म्हणाली. मग जाऊन हॉलच्या कोपऱ्यात अंधारात एका स्टुलावर बसली. हातांची घडी घातली. बस्स. उठायचं नाही.

पेला भरला नाही. उशी सरकली नाही. गोळी आली नाही. सासूबाईंनी दोन-तीनदा डाव्या बाजूला हात नेला, तो रिकामाच परत आला.

"घर बिघडलंय," त्या जाहीर म्हणाल्या.

वन्सं कामाच्या. त्यांनी लगेच गवंडी बोलावला. तो आला तो ओळंबा, थापी आणि हातोडी घेऊनच. सतरंजीवरच्या लोकांनी त्याला वाट करून दिली. आपल्यावर उजेड पडेपर्यंत तोही शहाण्यासारखा थांबला.

"काय होतंय?" त्याने विचारलं.

"पाणी येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नळाचं?"

"नाही, पेल्याचं. उशीही अडकलीय."

गवंड्याने मान डोलावली. अशी घरं त्याने पाहिली असावीत. भिंतीला कान लावून त्याने हातोडीने टकटक केलं. "ही ठणठणीत." दुसऱ्या भिंतीला टकटक केलं. "हिला जरा ओल आहे, पण तिचा उशीशी संबंध नाही." असं करत करत तो अंधाऱ्या कोपऱ्यात गेला आणि धडपडला.

"अगं आई गं!" अंधार ओरडला.

"कोण?"

"सून."

गवंड्याने हाताने चाचपून खांदा, डोकं, स्टूल तपासलं. मग हॉलकडे तोंड करून म्हणाला, "बिघाड सापडला. बसलाय."

"मग उभा करा की," वन्सं म्हणाल्या.

"तो आपणहून उठेल तर बरं. जुनं बांधकाम आहे, जोर करून चालत नाही."

सूनबाई उठली ती गवंड्याच्या सांगण्याने नव्हे. सगळे अंधारात तिच्याकडे तोंड करून बसले होते आणि कोणालाही ती दिसत नव्हती, हे तिला सहन होईना. ती चालत खाटेसमोर आली आणि थेट मधोमध उभी राहिली. काळे कपडे, पायांत मोजे.

खिडकीत बत्तीमास्तर घाबरले. पण त्यांच्या हाताला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. पुढे आलेल्या पात्राला अंधारात ठेवणं त्या हाताने कधी केलं नव्हतं. दांडी हळूहळू वर गेली. पहिला थर आला, दुसरा आला, मग तो चिमूटभर तिसराही.

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"बसा," म्हणाल्या. "लांबून आलात?"

सूनबाई बसली. "तिथूनच," तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"आमच्या सुनेसारख्या दिसता. पण ती इतकी उजळ नाही. भेटलात तिला?"

"नाही."

"भेटणारही नाही. जरा जवळ या, यांना ऐकू जायला नको." सासूबाईंनी सतरंजीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. हॉल इतका गप्प होता की तो खालचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हे घर आपोआप काही करत नाही हो. मला काय कळत नाही? सगळं तीच करते. काळे कपडे घालून चोरासारखी फिरते, मला दिसू नये म्हणून. तिला लाज वाटत असेल. म्हणून मीही बघत नाही. बघितलं आणि तिने थांबवलं तर?"

"मग तिला एकदा सांगायचं तरी," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"काय सांगू? हात थंडगार असतात मेलीचे. भाजीत साखर घालते. उलट उत्तरं देते, ती नवऱ्याला, पण मला ऐकू येतील अशी." सासूबाई दम खायला थांबल्या. "पण एक सांगते. येणारा प्रत्येक जण माझा हात धरतो. हाताला काय धाड भरलीय? जड झालीय ती मान. पाणी पाजताना मान धरते ती एकटीच. ते हिच्या माहेरी शिकवलं असेल. आम्ही नाही शिकवलं."

उजेड सूनबाईच्या तोंडावर होता, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसत होतं. लपवायला कुठे जागाच ठेवली नव्हती नवऱ्याने.

"तिला बोलू नका हं," सासूबाई म्हणाल्या. "शेफारेल."

"नाही बोलत."

"चहा घेऊन जा. सून करेल."

गवंड्याने टाळी वाजवली. मग दूधवाल्याने, मग सगळ्यांनीच. डॉक्टरांना वाटलं प्रवेश संपला, म्हणून ते वाकून उभे राहिले. बत्तीमास्तरांना मात्र दांडी खाली घेता येईना. ते दांडीवर हात ठेवून नुसते बसले होते.

सूनबाई स्वयंपाकघरात आली. "उठा ओट्यावरून. चहा टाकायचाय. सोळा कप. आणि इथे एक दिवा लावा, साधा. वरून पडणारा."

"पोलीसचौकीचा?"

"हो. मला साखर कुठली नि मीठ कुठलं, याचा जबाब हवाय."

त्यांनी शिडी आणली आणि मुकाट्याने दिवा लावला. उजेड सांडला. हॉलमधल्या चित्रात एक पांढरा पट्टा पडला, आणि त्या पट्ट्यातून सूनबाई ट्रे घेऊन येताना सगळ्यांना लांबूनच दिसली. सासूबाईंनी चहाचा पेला घेतला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आत्ताच तुझ्यासारखी एक बाई येऊन गेली. भली होती."

"काय म्हणत होती?"

"ती कुठली बोलायला! मीच बोलले. तू मान धर."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती पाहुणी म्हणून पाच मिनिटं बसे, सासूबाई तिच्यापाशी सुनेच्या कागाळ्या करत, आणि मग ती उठून सून म्हणून चहा आणे. त्या पाच मिनिटांसाठी बत्तीमास्तर तिला तिन्ही थर देत. काळे कपडे मात्र तिने गवंड्याला देऊन टाकले. त्याला गच्चीवर डांबराच्या कामाला घालायला बरे होते.

सासूबाई त्याच वर्षी नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहा वाजता गेल्या.